डावीकडची दोन शून्यं

तांपेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच काळोख होतो.
जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सात जण
आणि दोन पंथ.

ओत्सोचं सोवळं कडक.
प्रत्येक व्हेरिएबलच्या कपाळावर आधी प्रकार लिहायचा,
मगच त्याला उंबरठा ओलांडू द्यायचा.
आकड्याला चुकून अक्षर शिवलं
तर कंपायलर परत आंघोळीला पाठवतो,
आणि ओत्सोला ते फार आवडतं.

तुइरे त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी.
म्हणते, पोर जन्मायच्या आधीच
त्याच्या पायाचं माप कशाला?
चालू दे. पडलं की बघू.
तिचा कोड पहाटे तीनला पडतो,
ती उठून बघते,
आणि यालाच स्वातंत्र्य म्हणते.

गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.
सुपात चमचे तसेच ठेवून दोघं भांडतात.
एकदा मध्येच मला विचारलं, तुझ्या भाषेत कसं?
त्यांच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द.
मी म्हटलं, आमच्यात खुर्चीसुद्धा ती असते,
टेबल ते,
भाकरी ती, भात तो.
कुणी ठरवलं?
माहीत नाही.
आणि चुकलं तर?
लोक हसतात. पण भाकरी वाढतात.

बघ, ओत्सो म्हणाला, प्रकार लागतातच.
बघ, तुइरे म्हणाली, चुकलं तरी पोट भरतं.
सूप गार झालं होतं.

मग उर्होचं पार्सल हरवलं.
उर्हो, वय शहाऐंशी, हेलसिंकी,
कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या आमच्याकडून घेणारा.
पिनकोड शून्य शून्य पाच तीन शून्य.
लेबलावर छापलेलं: पाचशे तीस.

सगळा इतिहास उकरला.
तीन वर्षांपूर्वी तुइरेच्या एका ओळीनं
पिनकोडला आकडा समजून सोलून काढलं होतं,
कुणीही तिला अडवलं नव्हतं.
आणि ऑक्टोबरात ओत्सोनं तीच ओळ शुद्ध करून घेताना
तिच्या कपाळावर ठळक लिहिलं: पूर्णांक.
कंपायलरनं आशीर्वाद दिला.
गणितात डावीकडच्या शून्याला किंमत नसते,
आणि त्या दोन शून्यांत एका म्हाताऱ्याचं अख्खं शहर होतं.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना.
तुइरेनं उर्होला फोन लावला.
अकरा वेळा वाजला.
मग तिच्याच लक्षात आलं,
आणि तिनं कोट उचलला.

ओत्सोही निघाला. मला ओढून नेलं, साक्षीला असेल.
आगगाडीत दोघं शहाण्यासारखे बसले होते,
मांडीवर बॅटऱ्यांचं पाकीट, बाहेर बर्फ.
हॅमेनलिन्नापर्यंत टिकलं.
मग तो म्हणाला, पिनकोडला स्वतःचा वेगळा प्रकार दिला असता तर...
ती म्हणाली, आला तसा मजकूर राहू दिला असता तर...
समोरच्या बाईनं टोपी कानांवर ओढून घेतली.

चौथा मजला, लिफ्ट नाही.
उर्होच्या दाराची घंटा वाजत नाही,
आत दिवा होऊन लुकलुकते.
त्यानं दार उघडलं, तिघांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं,
पाकीट घेतलं,
थरथरत्या बोटांनी बॅटरी बसवली.

नऊ दिवसांनी त्याच्या कानात पहिला आवाज शिरला
तो जिन्यातला.
त्या दोघांचं पुन्हा जुंपलं होतं,
हात वर, गाल लाल,
पाहुणे म्हणून आलोय हेही विसरून.

उर्हो थोडा वेळ ऐकत राहिला,
देवळात कीर्तन ऐकावं तसा, मान हलवत.
मग त्यानं अंगठ्यानं हळूच
बॅटरी पुन्हा बाहेर काढली,
मला खूण केली, आत ये,
कॉफी आहे.